कारवीच्या डोंगरातून उंदराच्या माळावर

साताऱ्याहून जतला कुणी फिरायला म्हणून जात नाही. तिकडची माणसं आमच्याकडं येतात, कासच्या पठारावर फोटो काढतात, कंदी पेढ्यांचा पुडा बांधून घेतात आणि परत फिरतात. उलट्या दिशेनं जाणारा माणूस एक तर बदली झालेला सरकारी नोकर असतो, नाही तर त्याची तिकडं सोयरीक असते. माझी सोयरीक आहे. शिवाय सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेल्यामुळं कुठंही गेलं तरी झाडाचं पान उलटून बघायची आणि बिळात डोकवायची खोड मला लागलेली आहे. परत आल्यावर आमच्या आळीतल्या बायकांनी "काय काय बघितलंत?" असं विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं. एक फूल बघितलं आणि एक उंदीर बघितला. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत.

माझी सून रेणुका जत तालुक्यातली, पार कर्नाटकाच्या हद्दीजवळची. माझा मुलगा सागर फौजेत होता. सुट्टीवर आला असताना मोटारसायकलवरून पडला आणि पाय मोडून मिरजेच्या दवाखान्यात राहिला. तिथं ही नर्सिंग शिकत होती. पाय जुळायच्या आधी लग्न जुळलं. आमचे सुभेदार, म्हणजे माझे यजमान, वर्षभर फुरंगटून बसले होते. "बागायतदाराच्या घरातला पोरगा आणि टँकरच्या गावची सोयरीक!" असं चाललं होतं त्यांचं. पुढं त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या रेणुकाच्या हातूनच घ्यायच्या असा त्यांनी हट्ट धरला, ती गोष्ट वेगळी.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात सागर उत्तरेला असताना त्यांच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. मूलबाळ नव्हतं. रेणुका आमच्याकडंच राहिली, साताऱ्यात नोकरी करते. झेंडावंदनाला गाव तिला पहिल्या रांगेत बसवतं, शाल आणि नारळ देतं, आणि उरलेलं वर्षभर हळदीकुंकवाला बोलवायचं विसरतं. मला याची चीड येते, आणि मी ती बोलून दाखवते, म्हणून हल्ली मलाही कुणी बोलवत नाही.

यंदा पावसाळा उतरताना तिच्या वडिलांचा, बिराप्पांचा, फोन आला. विट्याकडचं एक स्थळ होतं. विकास नाव. दक्षिणेत कुठंतरी सोनं गाळायचं दुकान, बायको आजारपणात गेलेली. "पोरगी आमची असली तरी दिलेली हाय," बिराप्पा म्हणाले. "तुमच्या घरातलं कुणी येऊन व्हय म्हनल्याबिगर आमी पाव्हन्याला उंबऱ्याच्या आत घेनार न्हाई. आमच्यात तशी रीतच हाय." मी सुभेदारांकडं बघितलं. त्यांनी पेपर उघडला आणि त्यामागून म्हणाले, "तू जा."

रेणुकाला विचारलं तर ती म्हणाली, "कारवी फुललीय म्हणं, आत्या. ती बघू. मग सांगते."

म्हणून हा प्रवास दोन टोकांचा झाला. तिला हो किंवा नाही म्हणायचं होतं आणि मला तिचं म्हणणं तिच्या आईबापापुढं ठेवायचं होतं. मी तिला पोचवायला निघाले होते की परत आणायला, हे घराबाहेर पाऊल टाकताना मला ठाऊक नव्हतं.

घाटाच्या वर

कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. मागच्या वेळी फुलली तेव्हा या दोघांच्या लग्नाला महिनाच झाला होता. सागर सुट्टीवर, म्हणजे ऊन अंगावर येईपर्यंत झोपणार. मग आंघोळ, मग जेवण. ही दोघं वर पोचली तेव्हा दुपार कलली होती आणि डोंगरावर धुकं उतरलं होतं. स्वतःचा हात दिसत नव्हता म्हणे. काहीही न बघता नखशिखांत भिजून हसत घरी आली. "पुढच्या फुलोऱ्याला जाऊ की," टॉवेलनं डोकं पुसत सागर म्हणाला होता, "कारवी कुठं पळून चालली?"

आम्ही दोघी पहाटे रिक्षा करून निघालो. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराशी आलो तर तिथं गाड्यांची ही रांग. आम्ही थांबलो नाही. पुढं बामणोलीकडं रस्ता उतरतो, तिथं एका वळणावर रिक्षावाल्याला उभं राहायला सांगितलं.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. एरवी कारवी बघायला कुणी जात नाही. माणसाच्या उंचीची काटकुळी झुडपं, खरखरीत पानं. वर्षानुवर्षं डोंगर त्यांनी भरलेला असतो आणि आपण त्याला नुसतं रान म्हणतो. मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळी एकदम फुलतात. जांभळट निळी फुलं, दांड्याला बिलगून, वरपासून खालपर्यंत. एक झुडूप बघितलं तर काही विशेष वाटत नाही. पण तिथं अख्खा उतार तसा होता, त्याच्या पलीकडचा उतार तसा होता, आणि खाली कोयनेच्या पाण्यापर्यंत तेच. मधमाश्यांचा आवाज इतका की आम्हाला एकमेकींशी मोठ्यानं बोलावं लागत होतं.

रेणुका रस्त्याच्या कडेला उभी राहिली ती किती तरी वेळ. मी तिच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

वळणावर एका बाईचं झोपडं होतं, भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणमातीनं लिंपलेल्या. ती उकडलेल्या शेंगा आणि जुन्या बाटल्यांतून मध विकत होती. आम्ही चहा घेतला तेव्हा आपणहून बोलायला लागली.

"ह्यो मध परत सात-आठ वर्सं न्हाई बगा. कारवी एकदाच फुलती. फुलली की संपली. वाळून काठी व्हती, त्या काठ्या आमी भितीला लावतो." तिनं मागच्या भिंतीवर थाप मारली. "पन मान केवढा! लांब लांबची मानसं हात जोडाया येत्यात."

रेणुकानं कप खाली ठेवला. "मी हीच, आत्या," ती म्हणाली. "एकदा फुलले. झालं की."

मला बरं वाटलं. हे लिहायला अवघड जातंय, पण वाटलं ते वाटलं. म्हणजे ती कुठं जाणार नव्हती. मी त्या बाईला विज्ञान सांगू शकले असते. कारवी मरते, पण तिची बोंडं वाळल्या काठ्यांवर तशीच राहतात, पुढच्या वर्षी फुटतात तेव्हा रानभर ताडताड आवाज होतो, आणि पहिल्या पावसाला जमीन रोपांनी भरून जाते. मी गप्प बसले. सागरनं मागं काही ठेवलं नव्हतं. ठेवलं होतं ते हिला, आणि ती माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर होती. आपल्याला बरं वाटलं याचाच मग मला इतका राग आला की मी गरज नसताना मधाची मोठी बाटली घेतली आणि भावही केला नाही.

आष्ट्याचा थांबा

दुसऱ्या दिवशी एसटीनं निघालो. कराड, इस्लामपूर. दोन्ही अंगांना ऊस, त्याच्यामागं ऊस, आणि बांधावर कुणाचा तरी ट्रॅक्टर. आमचा सगळा मुलूख असा. पाटाचं पाणी रस्त्यावर येऊन वाहत असतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आष्ट्याला उतरलो ते अख्ख्या मसुरासाठी. या भागातून जाताना तो खाल्ला नाही तर सुभेदारांपुढं जाता येत नाही. ढाब्यावर दाट, काळपट, लसणाचा तडका मारलेला मसूर आणि ताटाएवढी रोटी आली. पहिला घास घेतला आणि रेणुका म्हणाली, "आत्या, मुंग्या."

माझ्या पिशवीवर मुंग्यांची रांग लागली होती. बाटलीला बूच म्हणून त्या मधवाल्या बाईनं दाणे काढलेल्या कणसाचं बुरखुंडं बसवलं होतं, ते एसटीच्या धक्क्यांनी सैल झालं होतं. पिशवीत सगळ्यात वर मोरपंखी साडी होती. रेणुकाला पाहुण्यापुढं नेसायला म्हणून मी तिच्या नकळत घेतलेली. काठापासून पदरापर्यंत मधानं माखलेली. मी ती बाहेर काढली आणि दोन्ही हातांत धरून उभीच राहिले. ढाब्यावरची सगळी माणसं जेवायची थांबली.

रेणुका हसायला लागली. साधं हसू नव्हे, पोट धरून. "बरं झालं," ती कशीबशी म्हणाली. "मला ती नेसायचीच नव्हती."

"तुला माहीत होतं होय?"

"तुमी कपाटात लपवल्यापासनं."

ढाब्याच्या मालकिणीनं मोरीवर नेऊन साडी बादलीत बुडवून दिली. डाग गेले, पण वास गेला नाही. पुढच्या एसटीत ती ओली साडी आम्ही खिडकीच्या गजावर वाळत घातली आणि मिरजेपर्यंत आमच्या बाकावर कुणी बसलं नाही. बाटलीत तळाशी थोडा मध उरला होता. तो मी हातात धरून बसले.

मिरजेच्या पुढं ऊस विरळ होत जातो. कवठे महांकाळच्या बाजूला द्राक्षांचे मांडव दिसतात, मग तेही संपतात. मग नुसता माळ. आमच्याकडं डोळ्याला कुठंतरी डोंगर आडवा येतो, तिथं काहीच आडवं येत नाही. मला अशा मोकळ्या जागी जरा घाबरल्यासारखं होतं. रेणुका मात्र जत जवळ आलं तशी खिडकीकडं सरकून बसली.

जतचा माळ

बिराप्पांची वस्ती गावापासून लांब आहे. दगडी भिंतीचं घर, पुढं मेंढरांचा वाडा, बाजूला टँकरच्या पाण्यासाठी निळी टाकी. त्यांच्या वाडवडिलांनी मेंढरं राखली. बिराप्पा मेंढरंही राखतात आणि शेतीही करतात. कालव्याचं पाणी शेजारच्या गावापर्यंत आलंय. त्यांच्यापर्यंत येईल असं ते गेली काही वर्षं सांगतात.

"बा यव्वा, बा," असं कानडीत 'ये गं बाई, ये' म्हणत रेणुकाची आई गंगव्वा पुढं आली. तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि मग माझ्या पायावर पाणी घातलं. तांब्या अर्धाच भरलेला होता. त्यातलं निम्मं माझ्या पायावर, निम्मं रेणुकाच्या. त्या अर्ध्या तांब्यात आमचे चारही पाय स्वच्छ झाले. घरी मी नळ सोडून त्याखाली उभी राहते, ते तिथं आठवलं आणि पाय आखडून घेतले.

जेवायला हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. माडगं म्हणजे पातळ, आंबूस, मिरी घातलेलं. ते वाडग्यातून प्यायचं. पहिल्या घोटाला माझं तोंड वाकडं झालं ते गंगव्वानं बघितलं. तिसऱ्या घोटाला मी आणखी मागितलं, तेही बघितलं.

"उद्या दुपारी पाव्हनं येनार," ती म्हणाली. मग रेणुकाकडं न बघता, पण तिलाच, म्हणाली, "व्हय म्हन न्हाईतर न्हाई म्हन. पर बोल कायतरी. ही बाई इतक्या लांबनं आलीया."

रेणुका उठून हात धुवायला गेली.

गेल्या आठवड्यात एक बरा पाऊस झाला होता. जमिनीला घात, म्हणजे पेरण्याजोगी ओल, आली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारी पेरायची होती. पेरणीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडं एक काम असतं, ते मी इतकी वर्षं शिकवलं त्या कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं. उन्हं उतरली की घरातली सगळी माणसं अनवाणी रानात जातात आणि सापडेल त्या बिळाचं तोंड टाचेनं माती दाबून बुजवतात. सकाळी जाऊन बघायचं. जे बीळ उकरून उघडलेलं असेल ते जितं, जे तसंच राहिलं ते मेलं.

"लहानपणी सकाळी बघायचं काम माझं असायचं," रेणुका चप्पल काढत म्हणाली. तिनं साडी वर खोचली आणि बांधाकडं निघाली. एवढ्या वर्षांत मी तिला अनवाणी बघितलं नव्हतं.

मीही निघाले. पाहुणी म्हणून मला एक बीळ बुजवायला मिळालं, बांधाजवळ, बोरीच्या झुडपाशी. टाच दाबली. माती वरून कोरडी आणि आत गार होती.

मग आम्ही दोघी बांधावर बसलो आणि दिवस मावळता मावळता मी त्याला बघितलं. पलीकडच्या न नांगरलेल्या माळावर. आपल्या घरातल्या उंदरासारखा अजिबात नाही. मातीच्या रंगाचा, पोटाला पांढरा, डोळे मोठे आणि काळे, शेपूट अंगापेक्षा लांब आणि टोकाला काळा झुपका. पळता पळता एकदम उडी मारायचा. वाळवंटात राहायची घडण असलेला प्राणी. पाणी मिळालं नाही तरी दाण्यातल्या आणि मुळातल्या ओलीवर भागवतो, ऊन चढलं की बिळाचं तोंड आतून मातीनं लावून घेतो आणि खाली गारव्यात पडून राहतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, इथं कुणी नाही.

"याला तुम्ही काय म्हणता?" मी बिराप्पांना विचारलं.

"माळावरचा उंदीर. दुसरं काय म्हननार?"

"आणि हा पेरलेलं बी उकरत नाही?"

"उकरतो की. म्हनून तर जितं बीळ हुडकायचं. लोकं औशद टाकत्यात. आमी न्हाई टाकत." त्यांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "मोठ्या दुस्काळात आमच्या म्हाताऱ्यांनी ह्याची बिळं उकरून दानं काढलं आन पोरं जगवली. मग आता जित्या बिळावर मूठभर ज्वारी आमीच ठिवतो. आदी त्याचा वाटा, मग पेरनी. पोट भरल्यावर त्यो तरी कशाला उकरतोय?"

मी मनातल्या मनात दोघांना शेजारी ठेवून बघत होते. कालचा तो डोंगर आणि हा उंदीर. एकाला बघायला माणसं हात जोडून येतात. दुसऱ्याचं कौतुक कोण करणार? तो पावसाळा गाजवत नाही, उन्हाळा काढतो. आपल्याकडं जीव ओवाळून टाकणाऱ्याला शाल आहे. नुसतं जगून राहणाऱ्याला, वाईट दिवस दार लावून काढणाऱ्याला, काही नाही. हे सगळं मी रेणुकाला मोठ्यानं सांगितलं असतं, पण ती त्या उंदराकडं टक लावून बघत होती आणि तिचे ओठ हलके उघडे होते. कालच्या कारवीकडं तिनं असं बघितलं नव्हतं, एवढं मला दिसलं.

सकाळ

सूर्य वर यायच्या आत आम्ही रानात होतो. बैल जुंपून तयार, कुरी, म्हणजे पेरणीची पाभर, हळदकुंकू लावून उभी. गंगव्वाच्या डोक्यावर बियाण्याची पाटी होती. बिराप्पा पुढं, आम्ही मागं. पहिलं बीळ तसंच. दुसरं तसंच. तिसऱ्याशी ताज्या मातीचा ढीग आणि मधे काळं भोक. बिराप्पांनी वाकून मूठभर ज्वारी ठेवली आणि तिथं एक बाभळीची फांदी रोवली, म्हणजे कुरी तिथून उचलून न्यायची.

मी माझ्या बिळाकडं गेले. बोरीच्या झुडपाशी. माझ्या टाचेचा ठसा जसाच्या तसा होता, बोटभरही माती हललेली नव्हती.

"हे मेलं," मी म्हणाले.

"आत्या, तिथं काय बघताय?" रेणुका झुडपाच्या पलीकडून म्हणाली. "हिकडं या."

बोरीच्या मुळाशी, मी बुजवलेल्या तोंडापासून हातभर अंतरावर, नवं भोक होतं. माती अजून ओली होती.

"पण मी तर ते बंद..."

"तुमी बंद केलेलं दार त्याला कशाला पायजे?" ती म्हणाली. तिच्या मनात काही टोचायचं नव्हतं. ती फक्त बिळाबद्दल बोलत होती. मग तिचं तिलाच काहीतरी ऐकू आलं असावं, कारण ती तिथंच खाली बसली, ओल्या मातीशेजारी.

मी थांबले. बिराप्पा आणि गंगव्वाही थोड्या अंतरावर थांबले.

"आत्या, मी परवा डोंगरावर चुकीचं बोलले," ती म्हणाली. "कारवी मी न्हाई. कारवी ते होते." तिनं सागरचं नाव घेतलं नाही, आजवर कधी घेत नव्हती. "ते एकदाच फुलले आन गेले. मी हितली हाय. ह्या माळावरची. मी नुसती आत बसून होते."

मी वेळोवेळी स्वतःला सांगितलं होतं की त्याचं काहीतरी हिच्यात शिल्लक आहे. तिच्या बोलण्यात, तिनं कप विसळून पालथा घालण्यात, सकाळी तिच्या पावलांच्या आवाजात. ते सगळं तिचं होतं. त्याचं नव्हतं. त्या सकाळी सागर मला दुसऱ्यांदा गेला. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.

"तुमी म्हनशीला तसं," ती म्हणाली. तीही रडत होती. "तुमाला एकटं सोडून मी..."

"उगी," मी म्हणाले. शाळेत वापरायचे तो आवाज काढला, पण तो निम्म्यावरच फुटला. "तुला काय वाटतं ते सांग. माझं मी बघीन."

"मला बाहेर यायचंय."

बिराप्पांच्या हातात त्या बिळासाठी घेतलेली मूठ तशीच मिटलेली होती. ते पुढं आले, वाकले, दाणे ठेवले, आणि सवयीनं पुटपुटले, "आदी जित्याचा वाटा."

मी गंगव्वाच्या पाटीत हात घातला. ओंजळभर ज्वारी घेतली आणि रेणुकाला म्हणाले, "ऊठ. पदर धर."

तिला कळलं नाही. मग कळलं. सागर गेल्यापासून तिची ओटी कुणी भरली नव्हती, मीसुद्धा नाही. घरात आम्ही दोघीच बायका, आणि मी आळीतल्या बायकांवर चिडत बसले. तिनं पदर पुढं केला. मी एक ओंजळ घातली, दुसरी घातली, तिसरी घालताना निम्मी ज्वारी मातीत सांडली. कुरीच्या पूजेच्या ताटात कुंकू होतं. ते तिच्या बारीक काळ्या टिकलीवरच लावलं, माझ्या बोटाला चिकटलेल्या मातीसकट.

"मी हो म्हणते," मी बिराप्पांना म्हणाले. "आमच्या घरातनं हो आहे. घ्या तुमच्या पाहुण्याला उंबऱ्याच्या आत."

त्यांनी पटक्याच्या शेवटानं तोंड पुसलं आणि बैलांकडं गेले. घात निघून जाते, पेरणी थांबत नाही.

उंबऱ्याच्या आत

विकास दुपारी आला, बरोबर एक चुलता. सावळा, अंगानं किरकोळ. बोटांवर भट्टीचे आणि ॲसिडचे जुने डाग. मी त्याच्यात काहीतरी खोट काढायची ठरवून बसले होते. तो आल्या आल्या पायावर घातलेल्या पाण्याकडं बघून म्हणाला, "बास बास, एवढं कशाला," आणि माझी खोट काढायची राहून गेली.

रेणुकानं रोजचीच साडी नेसली होती. मोरपंखी साडी बाहेर दोरीवर होती आणि तिच्यावर माश्या बसत होत्या. कपाळावरचं कुंकू तिनं पुसलं नव्हतं.

गंगव्वानं गूळ घातलेला चहा दिला. मग मी उठले आणि पिशवीतून ती बाटली काढली. तळाशी उरलेला मध वाटीत ओतला आणि भाकरीबरोबर त्याच्यापुढं ठेवला. का ठेवला ते मला सांगता येणार नाही. तो मध परत सात-आठ वर्षं मिळणार नव्हता, आणि तो कुणाला द्यायचा असेल तर आजच, असं काहीतरी मनात आलं.

त्यानं भाकरीचा तुकडा त्यात बुडवला. थांबून चव घेतली.

"कशाचा हाय हो हा?"

"कारवीचा," रेणुका म्हणाली. तिचं त्याच्याशी हे पहिलं बोलणं. "साताऱ्याच्या डोंगरात फुलते. आमी परवाच बघून आलो."

"मी कास कवाच बघितलं न्हाई. दुकान सोडून यायला घावत न्हाई." तो जरा लाजला. "अजून हाय का फुललेली?"

"आठवड्याभरात संपेल."

"मग परत कवा फुलती?"

"सात-आठ वर्सांनी."

"आसं व्हय," तो म्हणाला. वाटीत उरलेला मध त्यानं भाकरीनं नीट पुसून घेतला. "मग पुढच्या फुलोऱ्याला जाऊ की."

त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या दृष्टीनं ते साधं बोलणं होतं, बघायला आलेल्या माणसानं धीर करून बोललेलं. रेणुकाच्या हातातला पाण्याचा पेला मधेच थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. गंगव्वाही बघत होती. बाहेर शिवारात बिराप्पांचा बैलांना हाकारल्याचा आवाज येत होता. माझ्या डोळ्यांपुढं टॉवेलनं डोकं पुसणारा माझा पोरगा उभा होता.

"सकाळी लवकर निघा," मी विकासला म्हणाले. "जेवायला थांबू नका. दुपारनंतर धुकं उतरतं."